घाटावर पाच, घाटाखाली दोन

पत्त्यांचा नवा डाव शोधून काढणाऱ्याला त्यातून किती मिळावं? सॅम टोरोसियन यांना त्या डावाचा म्हणून एक पैसाही मिळाला नाही. लॉस एंजेलिसजवळच्या बेल या गावात त्यांचा पत्त्यांचा क्लब होता. १९८५ साली एका वयस्क फिलिपिनो गिऱ्हाइकाकडून त्यांनी तेरा पानांचा एक खेळ ऐकला. तेरा पानं लावत बसायचं म्हणजे वेळ फार जाणार, म्हणून त्यांनी ती सातावर आणली आणि नाव दिलं पाय गाव पोकर. मूळचं पाय गाव चिनी, ३२ सोंगट्यांचं. त्यात हाती आलेल्या चार सोंगट्यांच्या दोन जोड्या लावतात. पेटंट घ्यावं का, असं टोरोसियन यांनी वकिलाला विचारलं. पत्त्यांच्या डावाला पेटंट मिळत नाही, असं उत्तर आलं. पुढं लोकांनी पत्त्यांच्या कितीतरी डावांची पेटंटं घेतली. वकिलाच्या सल्ल्यानं बुडालेली माणसं फक्त आपल्याच तालुक्यात असतात असं नाही, एवढं समाधान.

आमच्या घरी हा डाव आला तो पुतण्याबरोबर, अमेरिकेतून, दिवाळीच्या सुट्टीत. जोकर धरून ५३ पानं, प्रत्येकाला सात. त्यातली पाच एकीकडं, दोन दुसरीकडं अशी लावायची. पाचांचा वाटा दोनांच्या वाट्यापेक्षा वरचढच हवा, उलटं झालं तर डाव बाद. बँक ज्याच्याकडं त्याचेही असेच दोन वाटे. आपले दोन्ही भारी ठरले तर जिंकलो, दोन्ही पडले तर गेलो, एक तुझा एक माझा झालं तर लावलेलं परत.

पुतण्या ‘मोठा हात, छोटा हात’ असं सांगत होता. पण जिल्ह्याचे तेरा तालुके घाटावर आणि घाटाखाली असे वाटून घेतलेली आम्ही बुलढाण्याची माणसं. मेहकरच्या मावशीनं पाच पानांना घाटावर आणि दोनांना घाटाखाली म्हणायला सुरुवात केली, आणि खामगावचे मेहुणे उखडले. “सात तालुके आमचे, आन् पानं दोनच? अन् तेही कमजोरच असले पाह्यजे असा कायदा?”

तीनपत्तीत मुरलेल्या माणसाला इथं पहिली ठेच लागते ती क्रमवारीत. आपल्याकडं सिक्वेन्स कलरच्या वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. तीन पानं ओळीनं येणं दुर्मीळ, पाच पानं एका रंगाची येणं दुर्मीळ. गणित दोन्हीकडं बरोबर आहे. मेहुण्यांना मात्र गणित नको होतं, न्याय हवा होता. तो थोडा मिळालाही. एक्का-दुर्री-तिर्री दुसऱ्या नंबरची की नाही, यावर पोळ्याच्या सतरंज्यांवर दरवर्षी भांडणं होतात. नेवाडातल्या बऱ्याच कॅसिनोंत एक्का ते पंजा ही ओळ दुसऱ्याच नंबरची धरतात, हे कळल्यावर त्यांनी विजयी मुद्रेनं चहा मागवला.

खरा पेच पडतो दोन जोड्या आल्या की. समजा राजांची एक आणि नव्व्यांची एक. दोन्ही घाटावर ठेवल्या तर वरचा वाटा दणकट होतो, पण खाली चौका-सत्ता उरतो. जोड्या फोडून राजे वर, नव्वे खाली ठेवले तर दोन्हीकडं जरा जरा जीव राहतो. कपाशीत तुरीच्या ओळी टाकणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पुतण्यानं फोनवर तक्ते दाखवले, कुठली जोडी कधी फोडावी याचे; मेहुण्यांनी ते न बघता तेच केलं.

अशा बेतानं खेळल्यामुळं शंभरातले चाळीसएक डाव बरोबरीत सुटतात. कॅसिनोतली माणसं याला रटाळ खेळ म्हणतात. ती कधी सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेलेली नसावीत. लावलेला पैसा परत आला, ही आमच्याकडं चारचौघांत सांगायची बातमी असते. आणि जिंकलं तरी कॅसिनो शंभरातले पाच कापून घेतो, असं पुतण्या सांगायला लागला तेव्हा मेहुणे “अडत” एवढंच म्हणाले. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

आम्ही चिंचोके लावून खेळलो. पैसे लावले तर १८८७ चा जुगारप्रतिबंधक कायदा आहे. गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोच्या जहाजांवर जाऊन बघू, अशी टूम पुतण्यानं काढली होती. रजा संपत आली म्हणून ती बारगळली. तसा कॅसिनोचा एक कायदा महाराष्ट्रानंही १९७६ साली करून ठेवला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. सत्तेचाळीस वर्षं सतरंजी अंथरून ठेवायची, पान एकही वाटायचं नाही आणि शेवटी ती झटकून घडी घालायची, हा सरकारी खेळ मला पाय गावपेक्षाही शांत वाटतो.

या सगळ्यात एक बारीक नियम आहे, तो पुतण्यानं शेवटी सांगितला. दोघांची पानं अगदी सारखी आली तर तो वाटा बँकेचा. बँक आळीपाळीनं घेता येते. हे ऐकलं आणि मावशीनं चिंचोक्यांचा डबा स्वतःकडं ओढून घेतला. तेव्हापासून बँक तिच्याकडंच आहे. मेहुण्यांनी एकदा पाळीची आठवण करून दिली.

“राहू द्या हो भाऊ,” मावशी पानं पिसत म्हणाली, “घाट चढून दमले असाल तुम्ही.”