एक्काहत्तरचा काटा

वाशिमच्या बाजार समितीत परवा मी एका मापाड्याला राष्ट्रपतीची निवडणूक समजावून सांगायला बसलो. चूक माझीच. सोयाबीनची आवक जोरात होती, हमाल कट्ट्यामागून कट्टा काट्यावर टाकत होते. व्यापाऱ्यानं मूठभर दाणे उचलले, त्यातला एक दाताखाली फोडला आणि यंत्र लावायच्या आधीच 'ओलावा जास्त' असं जाहीर केलं. काट्याचा लाल आकडा थरथरून थांबेपर्यंत कट्ट्याच्या मालकानं श्वास धरला होता.

चहाच्या वेळेला मापाडी म्हणाला, "आपलं मत राष्ट्रपतीले जाते का हो भाऊ?"

म्हटलं, थेट नाही. आपण आमदार-खासदार निवडतो, ते राष्ट्रपती निवडतात. राज्यघटनेचं 54 वं कलम. पण त्यांच्या मताला वजन असतं. महाराष्ट्राच्या एका आमदाराचं वजन 175. राज्याची लोकसंख्या घ्यायची, 288 आमदारांनी भागायची, पुन्हा हजारानं भागायची.

"वजन" म्हटल्यावर गडी सावरून बसला. हा त्याचा प्रांत.

"कितीची लोकसंख्या धरली?"

"5 कोटी 4 लाख."

"एवढे तर आता नुसते मोबाइल असतीन. कोन्त्या सालची?"

"1971 ची."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "आमच्या काट्यावर दरसाल सरकारी शिक्का लागते. शिक्का जुना निंगाला तं काटा जप्त. आन् दिल्लीचा काटा एक्काहत्तरचा?"

मी सरकारची बाजू मांडली. कोणीतरी मांडायला हवीच होती. आणीबाणीत, 1976 साली, 42 वी घटनादुरुस्ती झाली आणि हा आकडा गोठवला गेला. ज्या राज्यांनी कुटुंब नियोजन मनावर घेतलं त्यांचं वजन घटू नये, असा त्यामागचा सद्हेतू होता. 2001 मध्ये 84 व्या दुरुस्तीनं मुदत आणखी वाढली: 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत. तोवर राष्ट्रपती निवडताना देश 1971 मध्येच थांबलेला असतो. केरळच्या आमदाराचं वजन 152, राजस्थानच्या आमदाराचं 129. 2011 च्या जनगणनेत राजस्थानात केरळच्या दुपटीहून जास्त माणसं निघाली, पण दोन्ही विधानसभांचं सगळं वजन मांडलं तर 25,800 विरुद्ध 21,280. उरलेली राजस्थानी माणसं काट्याच्या बाहेर उभी आहेत.

आता आपलं बघा. 1971 साली वाशिम नावाचा जिल्हाच नव्हता. 1 जुलै 1998 ला तो अकोल्यातून वेगळा झाला. म्हणजे जन्माच्या 27 वर्षं आधी ज्याचं वजन करून ठेवलं, असं हे लेकरू. रिसोड, वाशिम, कारंजा असे तीन आमदार, तीनदा 175, एकूण 525. खासदारांचं म्हणाल तर वाशिम आणि कारंजा यवतमाळच्या दावणीला, रिसोड अकोल्याच्या. कधीकाळी वाकाटकांची राजधानी असलेल्या वत्सगुल्माला, म्हणजे याच वाशिमला, आज अख्खा एक खासदारही नाही.

शेजारी अडत्या हिशेबाची वही घेऊन बसला होता. त्याचा पुतण्या न्यू जर्सीत. पुतण्यानं फोनवर सांगितलेलं ज्ञान त्यानं ऐकवलं. तिकडेही लोक थेट राष्ट्राध्यक्ष निवडत नाहीत, 538 मतदार निवडतात. 2016 साली हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून जास्त मतं पडली आणि त्या घरी बसल्या. 1992 पासून न्यू जर्सी एकाच पक्षाच्या पदरात पडते, म्हणून प्रचाराला तिथं कोणी फिरकत नाही. आणि वायोमिंग नावाचं एक राज्य आहे, वस्ती पावणेसहा लाखांच्या आसपास, त्याला मतदार तीन.

"म्हंजे आपल्या जिल्ह्याच्या निम्मं," मापाडी म्हणाला. "आन् आपल्यालेही तीनच."

बरोबर. 2011 ला वाशिमची लोकसंख्या 11,97,160 होती. अमेरिकेत असतो तर आपण दोन वायोमिंग झालो असतो आणि दर चार वर्षांनी उमेदवार पोहरादेवीला येऊन नगारा वाजवून गेले असते.

रागाच्या भरात मी घरी येऊन पूर्ण हिशेब मांडला आणि पंचाईत झाली. देशाच्या लोकसंख्येत वाशिमचा वाटा, 2011 च्या आकड्यांनी, दहा हजारांत दहाहून किंचित कमी. 2022 च्या निवडणुकीत देशभरच्या आमदारांचं एकूण मतमूल्य 5,43,231 होतं. त्यात आपले 525 म्हणजे दहा हजारांत साडेनऊच्या थोडं वर. काटा पन्नास वर्षं जुना, शिक्का नाही, आणि आपलं वजन जवळपास बरोबर! स्तंभलेखकाचा याहून मोठा अपमान नाही.

दुसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्यानं हे मापाड्याला सांगितलं. तो हसला. "वजन बरोबर हाय तं मंग माल कुठं गेला, ते सांगा."

इथं मात्र मला थेट उत्तर देता येईना. कारण या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. आमदार पूर्ण स्वतंत्र. मतदान गुप्त. 1969 मध्ये इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या म्हटलं आणि त्यांच्याच पक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी पडले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले. तेव्हापासून ही बुद्धी सगळ्या पक्षांच्या ताब्यात सुरक्षित आहे.

व्यवस्था तर बघत राहावी अशी. आमदाराला गुलाबी मतपत्रिका, खासदाराला हिरवी. पेनसुद्धा निवडणूक आयोगाचं, जांभळ्या शाईचं. उमेदवारापुढे आकड्यात पसंती लिहायची: 1, 2. एवढंच काम. 2022 मध्ये देशभरातून 4,754 जणांनी ते केलं आणि त्यातली 53 मतं बाद झाली. अंगणवाडीतलं पोरगं पाटीवर जे गिरवतं ते कायदे करणाऱ्यांना 53 वेळा जमलं नाही. महाराष्ट्राचं असं एक मत बाद झालं की एक्काहत्तरची पावणेदोन लाख माणसं रद्दीत जातात.

मतपेटीचा थाट वेगळाच. 2022 मध्ये राज्याराज्यांतून मतपेट्या विमानानं दिल्लीला गेल्या, त्यांचं वेगळं तिकीट काढलं होतं, नाव 'मिस्टर बॅलट बॉक्स', जागा अधिकाऱ्याच्या शेजारी. वाशिमचा मतदार मुंबईला जायचं म्हटलं की पाचशेहून जास्त किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेतो. पेटी खिडकीतून ढग बघत जाते.

हे ऐकून मापाड्यानं नुकत्याच मोजलेल्या मालाची काटापट्टी फाडली आणि शेतकऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती वाचली, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली. कट्टे किती, वजन किती, भाव काय, माल कोणी घेतला, सगळं त्या चिठोऱ्यावर.

"आमी कितीही डांबरट असलो तरी पट्टी देतो," मापाडी म्हणाला. "तुमच्या पाचशे पंचवीसची पट्टी कोनाजवळ हाय?"

पुढची राष्ट्रपती निवडणूक 2027 मध्ये आहे. रिसोड, वाशिम आणि कारंजाचे आमदार मुंबईची गाडी पकडण्याआधी तुमच्या गावात एखाद्या लग्नाला, तेरवीला नक्की येतील. तेव्हा रस्ता, पाणी, पीकविमा विचारून झालं की एवढंही विचारा: आमचे 175 कोणाच्या पोत्यात टाकणार, आणि का? उत्तर देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. प्रश्न विचारायला मात्र तुम्हाला जांभळं पेनही लागत नाही.