ओंडका उचलणार कोण?

भरतीने अलिबागजवळच्या नागावच्या वाळूवर एक भलामोठा ओंडका आणून टाकलाय, असं समजा. (समजाच. खरा असता तर एव्हाना त्यावर शहाळीवाला बसला असता.) तो उचलायचा कुणी?

भरतीरेषेखालची जमीन सरकारची, म्हणजे महसूलची. रेषेपासून पाचशे मीटरांत खांब रोवायचा तर १९९१ पासून दिल्लीचं सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आडवं येतं. बनाना राइडला परवाना मेरीटाइम बोर्डाचा, मासळी मत्स्यव्यवसाय खात्याची, रात्री कुणी काही उतरवलंच तर धाड कस्टमची. राहिला ओंडका. तो मात्र एकमुखाने ग्रामपंचायतीचा.

पूर्वी बरं होतं. रेवदंड्याला पोर्तुगीज, जंजिऱ्यात सिद्दी, कुलाब्यावर कान्होजी आंग्रे. पोर्तुगीजांचा परवाना नसला तर ते जहाज धरत, आंग्र्यांचं दस्तक नसलं तर आंग्रे. व्यापारी दोन्हीकडून नागवला जाई, पण तोफ कुणाची हे त्याला कळत असे. ‘साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या’ असं त्याला कुणी सांगत नसे.

१८४० मध्ये कंपनीने दत्तक नाकारून आंग्र्यांचं संस्थान खालसा केलं. या युक्तीचं श्रेय पुढे डलहौसीने लाटलं. तो हिंदुस्थानात आला १८४८ मध्ये. रंगीत तालीम अलिबागेत झाली, नाटकाच्या जाहिरातीत आमचं नाव नाही!

गोरा साहेब लांब होता, खोत दाराशी. सरकारात सारा भरायचा तो खोताने, आणि कुळाकडून किती उकळायचं तेही खोतानेच ठरवायचं. इथून जवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमीन कसायचीच नाकारली. पुढारी नारायण नागू पाटील. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, खोती कायद्याने जायला १९४९ उजाडलं. पण संप करता आला, कारण खोताचा वाडा कुठे आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आज संप करायचा तर कोणत्या टेबलासमोर?

१९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि सत्ता गावात आली म्हणे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत. पशुपालन आहे, ग्रंथालयं आहेत, समुद्रकिनारा नाही. घटनाकारांच्या वारसांना झाडू दिसला, वाळू दिसली नाही.

गावाचं गाऱ्हाणं जिल्ह्याला न्यावं, तर जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदी आदिती तटकरे यांचं नाव जाहीर झालं, त्याच पदाचे दावेदार भरत गोगावले यांचे समर्थक रस्त्यावर उतरले आणि लगेच नेमणुकीला स्थगिती आली. जिल्हा परिषदेत जावं, तर तिची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली, निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या आणि तोवर अध्यक्ष, स्थायी समिती, सर्वसाधारण सभा हे सगळं एका प्रशासकाच्या खुर्चीत मावलं. विषय मांडणारे तेच, अनुमोदन देणारे तेच. ठराव एकमताने मंजूर, आणि विरोधी पक्षाच्या वाटची बिस्किटंही त्यांनाच.