दाराआडचे भीमसेन

मोटारीच्या दाराचं आतलं पॅड काढून ज्यानं एकदा आत डोकावलं आहे, त्याला तिथे गाणं वाजतं याचंच नवल वाटेल. खाली-वर होणारी काच, ती ओढणारी यंत्रणा, कुलपाच्या सळया, धडकेत दार आत घुसू नये म्हणून घातलेला आडवा लोखंडी दांडा, आणि पावसाळ्यात पाणी. हो, काचेवरून ओघळलेलं पाणी दारात उतरतंच. कंपनीला ते ठाऊक असतं, म्हणून तळाशी ते वाहून जायला भोकं ठेवलेली असतात. अशा ओल्या, पत्र्याच्या, ठिकठिकाणी उघड्या खोक्यात एक स्पीकर ठोकायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, ‘सर, म्युझिक सिस्टिम फ्री आहे!’

फ्री म्हणजे किती फ्री, ते माझ्या गाडीतला स्पीकर बाहेर आला तेव्हा कळलं. कागदी पडदा, प्लॅस्टिकची चौकट आणि मागे पेढ्याएवढं लोहचुंबक. या पेढ्याच्या जोरावर आम्ही इतकी वर्षं भीमसेन जोशी ऐकत होतो. तरी ते भीमसेन आहेत हे ओळखू येत होतं, यात स्पीकरचं काही श्रेय नाही.

पुण्यात गाडीला काहीही सुटं, जादा किंवा भपकेबाज लावायचं असेल तर माणूस नाना पेठेत जातो. मी गेलो त्या दुकानात एक अख्खी भिंत स्पीकरांची होती. बटण दाबलं की हवा तो स्पीकर बोलायचा. सगळेच सुंदर बोलत होते. बोलणारच. बंद, थंडगार दुकानात जाड प्लायवूडवर घट्ट बसवलेला स्पीकर वाईट वाजायला खास कौशल्य लागतं. त्याची परीक्षा पत्र्यात व्हायची असते, आणि पत्रा आपला असतो.

खोक्यावर लिहिलं होतं ३५० वॅट. शेजारी ठेवलेल्या स्टिरिओवर ५० गुणिले ४. शाळेत भौतिकशास्त्राला बरे मार्क मिळालेल्या माणसाला अशा ठिकाणी गप्प बसवत नाही.

‘दोनशे वॅट बाहेर पडतात म्हणता, मग मागे फ्यूज १० अँपिअरचा कसा? इंजिन चालू असताना १४ व्होल्ट धरा. १४० वॅटच आत जातात की!’

‘काका, ती पीक पॉवर असते.’

‘पीक म्हणजे?’

‘म्हणजे खोक्यावरची.’

इतकी प्रामाणिक व्याख्या मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळालेली नाही. खरा आकडा आरएमएसचा. साध्या स्टिरिओतून एका स्पीकरच्या वाट्याला १५-२० वॅट येतात, आणि एवढ्याशा मोटारीत तेवढे पुष्कळ होतात. वेगळा ॲम्प्लिफायर लावायचा नसेल तर खोक्यावरचे वॅट बघूच नयेत. १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल, ती बारीक अक्षरातली ओळ शोधावी. तिथे ३ डेसिबल जास्त असले तर तेवढाच आवाज निम्म्या विजेत निघतो. दुकानातला मुलगा हे सगळं जाणून होता. पण बारीक अक्षरावर धंदा होत नाही, असं त्याचं मत पडलं.

मग त्यानं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लावलं. १९९४ सालची, प्रेक्षकांसमोर वाजवलेली आवृत्ती. गाडीच्या स्पीकरांच्या दुकानात हे गाणं सत्यनारायणाच्या कथेइतकं अपरिहार्य आहे. सुरुवातीला गिटार, मग तो खोल ठोका, की गिऱ्हाइकाचा हात खिशाकडे. मी म्हटलं, ‘भीमसेन लाव.’ त्यानं मोबाइलवर शोधून लावलं, मिनिटभर भक्तिभावानं ऐकलं आणि विचारलं, ‘काका, ह्यात बेस कुठंय?’

मी घेतला तो साडेसहा इंची, कंपोनंट प्रकारचा. यात मोठा स्पीकर दारात खालीच राहतो, पण बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा असतो आणि तो वर, आरशाजवळच्या त्रिकोणात बसतो. फक्त पुढच्या दारांना. मागची राहू देत, असा सल्ला खुद्द दुकानदाराचा: गवई समोर बसतो, पाठीमागून कोण गातं? दोन जास्त स्पीकर विकायचे सोडून असं बोलणारा व्यापारी भेटला की मी पुढचं सगळं ऐकतो.

बसवण्याचं काम मात्र बघण्यासारखं. दाराचं पॅड ओढताना क्लिपा तडातड तुटल्या. मी कळवळलो. मुलानं मागे न बघता क्लिपांनी भरलेल्या बरणीत हात घातला. ‘त्या तुटायलाच असतात, काका.’ वायर कापली नाही, कपलर लावले. वॉरंटीला धक्का नको. मग खिशातून पेन्सिल सेल काढून त्यानं स्पीकरच्या टोकांना टेकवला. पडदा टुणकन बाहेर आला. म्हणजे अधिक-उणे बरोबर. एका दाराचं उलटं लागलं तर एक पडदा बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि मंद्र सप्तक गाडीतल्या गाडीत नाहीसं होतं.

खरा खर्च स्पीकरवर नाहीच, दारावर आहे. पडद्याच्या पुढून जसा आवाज निघतो तसाच मागूनही निघतो, आणि आतल्या पत्र्याच्या भोकांतून पुढे येऊन पुढच्याला खाऊन टाकतो. म्हणून ती भोकं बुजवायची आणि पत्र्यावर ब्यूटिल रबराच्या, वरून ॲल्युमिनियमचा वर्ख असलेल्या शीट रुळानं दाबून बसवायच्या. तळाची पाण्याची भोकं तेवढी सोडायची. नाहीतर जुलैत दारात तळं. याला बाजारात डॅम्पिंग म्हणतात. त्यानंतर दार लावलं की पत्र्याचा खळ्ळकन आवाज येत नाही, नुसतं ‘थप्’ होतं. आजवर ज्या ज्या पाहुण्यांना मी हौसेनं गाडीत बसवलं, त्या प्रत्येकानं उतरताना म्हटलं, ‘दार काय छान लागतं हो!’ गाण्याबद्दल अवाक्षर नाही. माझ्या मेहुण्यानं तर नुसतं उघड-मीट करून पाहिलं. आत बसलाच नाही.

गाण्यात फरक पडला तो असा, की पूर्वी पंडितजी माझ्या गुडघ्याशी बसून गायचे, ते आता डॅशबोर्डवर आले. पण जरा उजवीकडे, कारण उजवं दार मला जवळ. आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो, तेव्हा उजव्या बाजूला तेवढा उशीर करायची सोय स्टिरिओत होती. ती मी लावली. पंडितजी बरोबर माझ्यासमोर, काचेच्या मधोमध. डावीकडून सौ. म्हणाली, ‘अहो, तुमच्याकडचा बंद पडला वाटतं.’ एका गाडीत दोघांना एकाच वेळी मैफलीच्या मधोमध बसता येत नाही, हे विज्ञान आहे. पण ते विज्ञान सांगायची ती वेळ नव्हती. मी तो उशीर काढून टाकला. पंडितजी पुन्हा माझ्या दारापाशी.

याहून बिकट प्रकरण कंपांचं. दमदार स्पीकर आला की गाडीतली प्रत्येक सैल वस्तू आपलं अस्तित्व कळवू लागते. पट्ट्याचं बक्कल, चष्म्याचा कप्पा, टोलसाठी ठेवायचो ती आता कुणालाच नको असलेली नाणी. हे सगळं आवरलं आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या आप्पांना ऐकायला बोलावलं. आप्पांनी सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा त्या काळी बिछाना घेऊन ऐकलेला. शिवाय भीमसेनजींना गाड्यांचं वेड होतं, मैफलींना ते लांबलांबवर स्वतः गाडी चालवत जात, म्हणून मोटारीत त्यांना ऐकण्यात आप्पांना औचित्य दिसलं. तानपुरे सुरू झाले. आप्पांनी डोळे मिटले. ‘अरे, काय जवारी लागलीय! ही मिरजेची.’

मिरजेचे कारागीर घोडी घासून, तारेखाली दोरा सरकवून जो झंकार आणतात, तो आप्पांना ऐकू आला होता खरा. फक्त तो काचेच्या बटणांच्या पट्टीतून येत होता. मी हळूच पट्टीवर बोट ठेवलं. जवारी गेली. आप्पांनी डोळे उघडले. ‘काय केलंस? लाव परत!’ तिथे दोरा घालून आवाज आणतात, मी फेल्टचा तुकडा घालून तो घालवला. आप्पांचं अजून म्हणणं आहे की त्या गाडीतला जीव गेला.

आता एक अडचण उरते, ती म्हणजे गाडी चालवण्याची. इंजिन, टायर, कर्वे रोडचे हॉर्न, यांच्यापुढे तानपुरा टिकत नाही. सर्वांत उत्तम गाणं गाडी जागेवर उभी असताना ऐकू येतं. त्यामुळे संध्याकाळी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये काचा लावून बसतो. आप्पा डावीकडे, मी स्टिअरिंगला. सौ. वरून चहा पाठवते, कारण घर तेवढा वेळ तिच्या ताब्यात असतं.

यावर सोसायटीत तक्रार गेली. वाहनतळाचा वापर वाहन ठेवण्यासाठीच व्हावा, असं पत्र घेऊन सेक्रेटरी स्वतः खाली उतरले. पुढे जागा नव्हती, मागे बसवलं. मारवा चालू होता. अर्धा तास ते काही बोलले नाहीत. पत्राची घडी हातातच. मग पुढे वाकून म्हणाले, ‘मला इथे काहीच धड ऐकू येत नाहीये. मागच्या दारांना का नाही बसवलेत?’

मी म्हटलं, गवई समोर बसतो.

‘ते खरं,’ सेक्रेटरी म्हणाले, ‘मग आप्पांना उद्या मागे बसवा.’