साक्षीदार हजर, नवरदेव ऑनलाइन

लाखनीच्या उड्डाणपुलाखाली चहा पिता पिता आमच्या शेजारच्या काकांनी परवा विचारलं, "का जी, पोराचं लगन मोबाईलवरच लावून टाकलं तं चालते का नाही?"

पोरगा ह्यूस्टनला. मुलगी साकोलीकडची. सोयरीक पक्की, मांडवाचे डहाळे कुणाच्या बांधावरून तोडायचे तेही ठरलेलं. अडचण एवढीच की नवरदेवाला रजा मिळते एकवीस दिवसांची आणि तीही कधी मिळेल याचा नेम नाही. मी वर्तमानपत्रात लिहितो म्हणजे मला कायदा येतो, अशी आमच्या गल्लीत समजूत आहे. ती मोडू नये म्हणून मी कायदा उघडला.

हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याचं सातवं कलम म्हणतं, सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच लग्न पुरं झालं. पण ही पावलं वधूवरांनी अग्नीसमोर मिळून टाकायची. आता एक पाऊल लाखनीत आणि दुसरं टेक्सासात पडलं तर त्याला 'मिळून' म्हणायचं का? शिवाय आमच्याकडे गोरज मुहूर्त लागतो तेव्हा तिकडे सकाळचे सात-आठ वाजलेले. नवरदेव दात घासून थेट बोहल्यावर. भाड्याच्या घरात होम पेटवला की छताला लावलेला धुराचा भोंगा मंगलाष्टकांच्या आधी वाजणार आणि अक्षता टाकायला अग्निशामक दल हजर होणार.

"विधी राहू द्या, नुसतं सर्टिफिकेट काढू," काका म्हणाले. तेही जमत नाही. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असंच एक प्रकरण निकालात काढलं. दोघंही वैमानिक. विधी न करता प्रमाणपत्र मिळवलं, नोंदणीही केली. न्यायालय म्हणालं, विधी नाही तर हिंदू लग्नच नाही. ज्यांचा रोजचा धंदाच जमिनीवर पाय न ठेवण्याचा, त्यांनी सात पावलं तरी कधी टाकावीत? त्याच निकालात असंही सुनावलं की लग्न म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे. हे मी आमच्या डीजेवाल्याला अजून सांगितलेलं नाही. ऐन सिझनमध्ये कुणाला धक्का देऊ नये.

मग उरला विशेष विवाह कायदा, 1954 चा. यात होम नाही, भटजी नाही, मुहूर्तही नाही. पण त्याची स्वतःची सप्तपदी आहे. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस राहिलेलं असावं. मग नोटीस द्यायची. ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात आणि कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्याच्यासाठी आणखी तीस दिवस थांबतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिलं पाऊल. मुलगी इथलीच, म्हणून राहण्याची अट भागते. पण नवरदेवाची रजा एकवीस दिवसांची आणि हरकतीची मुदत तीस दिवसांची. म्हणजे नवरदेव येऊन, जेवून, परत जाऊन, तिकडे आजारी पडून बरासुद्धा होतो, तरी मुदत संपत नाही.

या कायद्यात एक गोष्ट मात्र मला फार आवडली. बाराव्या कलमात वधूवरांनी एकमेकांना उद्देशून म्हणायचं वाक्य दिलंय आणि ते दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येतं. म्हणजे विवाह अधिकाऱ्यासमोर आपल्या झाडीबोलीत "मी तुले बायको म्हून पत्करतो जी" म्हटलं तरी कायद्याला चालतं. शाळेत जिच्यापायी छड्या खाल्ल्या, ती बोली इथे संसार उभा करते.

वाक्य म्हणायचं ते विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर. सगळा घोळ या 'समोर'चा. पडद्यावर दिसणारा माणूस समोर आहे की नाही? कोरोनात, एप्रिल 2020 मध्ये, औरंगाबादचा नवरदेव आणि बीडची नवरी यांचा निकाह व्हिडिओ कॉलवर लागला. तिथे इजाब-कबूल साक्षीदारांच्या कानावर पडणं महत्त्वाचं, म्हणून निभावलं. सरकारी दप्तराला कान कमी, डोळे जास्त.

सप्टेंबर 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं अंतरिम आदेशानं विशेष विवाह कायद्याखाली व्हिडिओवर लग्न लावायला परवानगी दिली. अट अशी की साक्षीदारांनी मात्र अधिकाऱ्यापुढे जातीनं हजर राहायचं आणि पडद्यावरची मंडळी तीच आहेत हे ओळखायचं. जुलै 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे कन्याकुमारीची नवरी आणि अमेरिकेचा नवरदेव आले. तो बिचारा रजा घेऊन आला होता, तीस दिवस वाट पाहून परत गेला. न्यायालयानं लग्न पडद्यावर लावायला सांगितलं आणि नवरदेवाच्या मुखत्यारपत्रावर नवरीनं दोघांच्याही वतीनं सही करायला मुभा दिली. लग्नानंतर जे घरोघरी होतंच, ते इथे पहिल्याच दिवशी झालं.

पण ती न्यायालयं केरळ आणि तामिळनाडूची. आपल्यावर हुकमत नागपूर खंडपीठाची. आपला आदेश आणायचा तर वकील करून नागपूर गाठावं लागेल. काकांनी मनातल्या मनात वकिलाची फी आणि विमानाचं तिकीट यांची तुलना केली आणि आणखी एक चहा सांगितला.

तसं नवरदेवावाचून लग्न आपल्याला नवं नाही. राजघराण्यांत तो लढाईवर असला की त्याचा खांडा यायचा आणि नवरी तलवारीशी लग्न लावायची. पुढे नवऱ्याशी पटलं नाही तरी तलवार उलटून बोलत नसे. आणि ह्यूस्टनची तर परंपराच आहे. 10 ऑगस्ट 2003 रोजी तिथल्या एका नवरीनं अंतराळ स्थानकात बसलेल्या युरी मालेन्चेन्को या रशियन अंतराळवीराशी लग्न लावलं. टेक्सासच्या कायद्यात गैरहजर नवरदेवाची सोय होती. आकाशातून चालतं, मग लाखनीतून का नाही?

कारण तिथेही मेख आहे. अमेरिकेतल्या यूटा काउंटीत 2020 पासून परदेशातल्या जोडप्यांचीही व्हिडिओवर लग्नं लागतात. पण त्याच देशाचा इमिग्रेशन कायदा म्हणतो, लग्नाच्या वेळी दोघं एकमेकांसमोर नव्हती तर पुढे प्रत्यक्ष एकत्र नांदल्याशिवाय आम्ही त्यांना नवराबायको धरणार नाही. म्हणजे व्हिसासाठी नांदायचं आणि नांदायला व्हिसा!

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे नवरदेव नसला तरी एखाद्या वेळी चालून जाईन, पण साक्षीदार पायजेच?"

"पाहिजेत. तीन. आणि जातीनं हजर."

काका बोटं मोजू लागले. मुलीचा मामा एक. मुलाचा मामा दोन. थोरला भाऊ तीन. मग चौथ्या बोटाशी थबकले. मोठे जावई राहिले होते. मागच्या लग्नात पंगतीत पान उशिरा वाढलं म्हणून ते दोन वर्षं लाखनीत फिरकले नव्हते, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे.

काका जवळ सरकून हळूच म्हणाले, "त्यायले ऑनलाइन घेता येते का?"