दात न बघणारं गिऱ्हाईक

बैल बाजारात उभा केला की गिऱ्हाईक आधी त्याचा जबडा उघडतं. राम राम नंतर. आदत आहे, दोनदाती आहे, चौसा आहे की पार जुळलाय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमच्या पाचोडात कुणी खिशाला हात घालत नाही. दातांनंतर खांदा, खूर, शेपूट. मग चार पावलं चालवून बघायचं, आणि चालला की लगेच 'मागचा पाय ओढतोय' म्हणायचं. एवढी बदनामी झाली की दलाल रुमाल टाकतो, दोघांचे हात त्याखाली जातात आणि बोटं दाबून भाव ठरतो. शेजारी उभ्या माणसाला आकडा कळत नाही. इसार मात्र चारचौघांत, मोजून, घेणाऱ्याच्या हातून विकणाऱ्याच्या हातात. पैसा पिढ्यान्‌पिढ्या याच दिशेनं वाहत आला आहे, जायकवाडीच्या कालव्यासारखा, वरून खाली. (टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचतं का, हा वेगळ्या सदराचा विषय.)

एवढं ज्ञान घरात असूनही मी आमची २०१२ सालची पांढरी मोटार ऑनलाइन विकायला काढली. कारण मी शिकलेला आहे.

मोसंबीच्या बागेत उभी करून फोटो काढले. डाव्या दाराचा पोचा झाडाआड गेला. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत 'डॉक्टर वापर' लिहिलं की भाव चढतो असं ऐकलं होतं. मी 'शिक्षक वापर' लिहिलं. किंमत टाकली १ लाख ८५ हजार. पहिल्या दिवशी तीन फोन आले. तिघंही खरे होते हे मला फार उशिरा कळलं, कारण तिघांनीही माझा अपमान केला. एकानं विचारलं, "किती पळालीय? खरं सांगा, मीटरवरचं नका सांगू." दुसऱ्यानं फोटोतलं झाड बाजूला करून दाराचा फोटो पाठवायला सांगितलं. तिसरा म्हणाला, "ह्या पैशात माझा मेव्हणा ट्रॅक्टर घेईल." मी तिघांनाही ब्लॉक केलं. आपल्या वस्तूची किंमत न समजणाऱ्या लोकांशी काय बोलायचं?

चौथा फोन संध्याकाळी आला. "जय हिंद सर!"

फौजी होता. निदान डीपीत तरी होता. हिंदीत इतक्या अदबीनं बोलला की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. गाडी पसंत आहे, किंमत मंजूर आहे. किती पळाली, टायर कसे, विमा कधी संपतो, यातलं काहीही त्यानं विचारलं नाही. म्हणाला, सध्या संभाजीनगरच्या छावणीत आहे, परवा जैसलमेरला बदली, बघायला येणं जमणार नाही. पण पैसे भरले की लष्कराचा ट्रक येऊन गाडी उचलून नेईल. पाठोपाठ ओळखपत्र आलं, कँटीनचं कार्ड आलं, गणवेशातला फोटो आला. मी मागितलं नव्हतं यातलं काही. खरा फौजी अनोळखी शिक्षकाला ओळखपत्राचे फोटो वाटत सुटेल का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मला पडलेला प्रश्न एवढाच होता की १ लाख ८५ च्या ऐवजी मी २ लाख १० का नाही लिहिले.

आपल्या माणसाची गंमत बघा. समोर चुलतभाऊ असला तर आपण उताऱ्यावरची सही उन्हात धरून बघतो. आणि फोनवर कुणी 'जय हिंद' म्हटलं की चौकशी करणं हाच देशद्रोह वाटू लागतो. ठगांना हे पुरेपूर ठाऊक आहे. ते आपल्या हावेवर पोट भरतात असं सगळे म्हणतात, पण खरं भांडवल आपला संकोच आहे. हाव रुपयाला पंधरा आणे आणि संकोच एक आणा, पण कुलूप उघडतं ते त्या एका आण्यानं.

तर सर, फौजी म्हणाला, आमचं पेमेंट 'आर्मी अकाउंट'वरून होतं, त्याची पद्धत वेगळी असते. आधी तुम्ही पाच रुपये पाठवा, आम्ही दुप्पट परत करतो, म्हणजे खातं जुळलं असं समजायचं. त्यानं पाठवलेला क्यूआर कोडचा चौकोन मी स्कॅन केला आणि पाच रुपये पाठवले. खरोखर दहा आले. सरकारी खात्यात इतक्या वेगानं काम होतं हे पाहून ऊर भरून आला. मग दुसरा चौकोन आला. वर 'रिसीव्ह' लिहिलेलं, खाली २५ हजार. "सर, स्कॅन करके पिन डालिए, पैसा आपके खाते में आ जाएगा."

तेवढ्यात आमच्या आबांनी पलंगावरून विचारलं, "काय चाललंय?"

"गाडी गेली, आबा. इसार घेतोय."

"मग तू काय दाबून राहिलास?"

"पिन टाकतोय."

"इसार त्यो देतोय का तू देतोयस?"

आबा सातवी शिकलेले. स्मार्टफोन त्यांना फक्त हवामान ऐकायला लागतो. पण या प्रश्नाला उत्तर देताना माझी एम. ए. ची पदवी उपयोगी पडेना. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. कुणी मनीऑर्डर आणली तर आपण पोस्टमनला तिजोरीची किल्ली देतो का? पिन शिल्लक बघायला लागतो, नाहीतर पैसे जायला लागतो. येणारा पैसा आपण झोपेत असलो तरी येतो. चौकोनावर 'रिसीव्ह' लिहिलेलं असो नाहीतर 'शुभ लाभ', स्कॅन करून पिन टाकणारा तो देणारा.

मी फौजीला म्हटलं, "तुम्ही माझ्या नंबरवर सरळ पाठवा ना." यावर त्याची अदब संपली. त्यानं माझा उद्धार केला, 'सेना का अपमान' केल्याबद्दल गुन्हा दाखल करण्याची धमकी दिली आणि 'जय हिंद' न म्हणता फोन ठेवला.

हिशेब मांडला तर या सौद्यात मी पाच रुपयांनी फायद्यात आहे. ते पाच रुपये कुणाचे, याचा विचार मात्र रात्री झोपू देईना. फौजीच्या खिशातले नक्कीच नव्हेत. माझ्याआधी ज्याच्या घरी आबा नव्हते, त्याचे असणार.

आणि ही यादी साध्यासुध्या लोकांची नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीनं जुना सोफा ऑनलाइन विकायला काढला. गिऱ्हाइकानं आधी थोडी रक्कम पाठवून विश्वास बसवला, मग चौकोन पाठवला. आधी २० हजार गेले, मग १४ हजार. सोफा घरातच राहिला. राजधानीत, मुख्यमंत्र्यांच्या घरी ही तऱ्हा, तर पैठण तालुक्यातल्या मास्तरानं किती लाजायचं? हे मी आबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "त्यांच्याकडं बैल नव्हते."

त्या काळ्यापांढऱ्या चौकोनाची जन्मकथा तर आणखी मजेची आहे. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीतल्या मासाहिरो हारा यांच्या चमूनं तो तयार केला, आणि कशासाठी? मोटारींच्या सुट्या भागांची नोंद चटकन घेता यावी म्हणून. म्हणजे मोटारीसाठी जन्मलेला चौकोन तीस वर्षांनी मोटार विकणाऱ्याच्या गळ्यात पडला. रुमालही चौकोनीच असतो. एकोणिसाव्या शतकात स्लीमन साहेबानं ज्या ठगांचा बंदोबस्त केला, तेही रुमालच वापरायचे, फक्त हाताऐवजी गळ्याला. पण त्या बिचाऱ्यांना वाटसरूबरोबर कित्येक मुक्काम चालावं लागे, गप्पा माराव्या लागत, भाकरी वाटून खावी लागे. आताच्यांना 'जय हिंद' पुरतं. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणाच्या नूह जिल्ह्यात सुमारे पाच हजार पोलिसांनी एकाच वेळी १४ गावांवर छापे घातले, ते याच सायबर धंद्यासाठी. चौदा गावांना पाच हजार पोलीस! आमच्या बाजारात पाकीटमार पकडायला एक होमगार्ड असतो, तोही चहाला गेलेला.

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. समोरच्याकडून पैसे ओढण्याची विनंती पाठवायची जी सोय यूपीआयवर होती, तीही ठगांच्या आवडीची. माणसामाणसातली ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. चौकोन आहे तिथंच आहे. पैसे गेलेच तर लाज गुंडाळून तत्काळ १९३० ला फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडले तर अडले. माझे गेले नव्हते, म्हणून मी 'संचार साथी'वरच्या 'चक्षू'त त्या नंबरची तक्रार केली. पाच रुपये जास्त आल्याचं तिथं लिहिलं नाही.

हा अनुभव मी शाळेत सांगितला तर प्रत्येकाकडे एकेक निघाला. कुणाला 'तुमच्या खात्यात १ लाख ६० हजार जमा' असा मेसेज आला होता, दहा आकडी साध्या मोबाइलवरून. जणू बँकेचा मॅनेजर घरी जाता जाता स्वतःच्या फोनवरून कळवतोय. कुणाला गिऱ्हाइकानं 'चुकून दीड लाख गेले, पंधरा हजारच पाठवायचे होते, बाकीचे परत करा' असा हंबरडा फोडला होता. आलं काहीच नव्हतं, आला होता फक्त स्क्रीनशॉट. एकाला सांगितलं, पैसे निघालेत पण बँकेला सुट्टी आहे, सोमवारी दिसतील, चावी आज द्या. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालतं. सुट्टीवर असते फक्त आपली अक्कल.

अखेर मी ब्लॉक केलेल्या तिघांतला एक उघडला. विहामांडव्याचा मोसंबीचा व्यापारी, ट्रॅक्टरवाल्या मेव्हण्याचा. तो आला आणि त्यानं गाडीचे दात मोजले. बॉनेट उघडलं, चासी नंबर कागदाशी ताडून पाहिला, टायरला लाथ घातली, चटई उचलून खाली गंज शोधला, आणि झाडाआड लपवलेल्या पोच्याकडं सरळ चालत गेला, जणू तिथंच जन्मला होता. मोसंबीत टनामागं कटती लावणारा माणूस. गाडीतही त्यानं सीटच्या टाक्यापर्यंत कटती लावली. अंगाचा तिळपापड झाला, पण मनातून बरं वाटत होतं. इतकी नालस्ती करणारा माणूस पैसे आणल्याशिवाय राहणार नाही.

भाव बॉनेटवर ठरला. आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून टाकलं, दोघांचे हात खाली गेले. मालक मी, पण आकडा मला सर्वांत शेवटी कळला. १ लाख ३८ हजार.

रोख घेऊन टाकावी असा विचार होता. दोन लाखांच्या आत असल्यानं चाललीही असती. दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला १ एप्रिल २०१७ पासून आयकराची मनाई आहे. पण एवढ्या नोटा खऱ्या की खोट्या हे कोण बघणार, म्हणून दोघं बँकेत गेलो. मेसेज आला तरी चावी दिली नाही. पासबुक छापून घेतलं, आबांनी चष्मा लावून आकडा वाचला, मग चावी. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या झाल्या. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून त्याची सही घेतली, आधारची प्रत घेतली. विक्रीची खबर आरटीओला चौदा दिवसांत द्यायची असते. लोक ते 'घेणारा बघेल' म्हणून सोडतात, आणि मग तो घेणारा कुणाला उडवतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की नोंदणीवर ज्याचं नाव, भरपाईला तोच मालक. फास्टॅगही बंद केला. नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि धुळे-सोलापूर रस्त्यावरचा टोल आपल्या खात्यातून, सासरी गेलेल्या बहिणीच्या भाऊबिजेसारखा.

निघताना आबांनी चावीची जुनी पितळी साखळी काढून खिशात टाकली. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. व्यापाऱ्यानं काही विचारलं नाही, खिशातून स्वतःची साखळी काढली. घरूनच आणली होती.

त्यानंतर दर आठवड्याला त्याचा फोन येतो. क्लच जड आहे, एसी वास मारतो, तुमच्या आबांनी फसवलं. मी शांतपणे ऐकून घेतो.

जाहिरात काढून टाकायची मात्र राहून गेली होती. परवा जेवताना अनोळखी नंबर वाजला, मी स्पीकर लावला. "जय हिंद सर! गाडी हमको पसंद है." आबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, हात धुतला आणि फोन पुढं ओढला.

"जय हिंद साहेब," आबा म्हणाले. "दात बघायला कवा येताय?"