ठरलं की कळवतो

मराठी माणसाला किंमत विचारल्याशिवाय कौतुक करता येत नाही. पैठणी असो, फ्लॅट असो की गुडघ्याचं ऑपरेशन, ‘छान झालं हो’ म्हणण्याआधी ‘केवढ्याला पडलं?’ हे विचारून घ्यावंच लागतं. या चौकसपणाला फक्त एका ठिकाणी आवर घालावा, असं माझं मत आहे. ते ठिकाण म्हणजे विमान. स्वारगेटहून साताऱ्याला निघालेल्या एसटीत अर्ध्या तिकिटाची मंडळी आणि पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा सोडले, तर सगळ्यांनी सारखेच पैसे दिलेले असतात. विमानात मात्र १८० माणसं एकाच वेळी उडतात, एकाच वेळी उतरतात, तेच महागडं सँडविच खातात, आणि खिडकीजवळच्यानं ३,२०० रुपये मोजलेले असतात, तर मधल्यानं ९,८००. हा आकडा दोघांना एकमेकांचा कळला, की उरलेला प्रवास हाताच्या कोपरांची लढाई करण्यात जातो.

पूर्वी असं नव्हतं. १९५३ साली विमानसेवेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि देशांतर्गत उडायचं तर इंडियन एअरलाइन्स, एवढाच पर्याय उरला. भाडं ठरलेलं, आणि ते न परवडणंही ठरलेलं. १९९४ मध्ये तो जुना कायदा रद्द झाला, खासगी कंपन्या आल्या, पण सामान्य माणूस विमानाकडे अजूनही गच्चीवरूनच बघत होता. २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन तिचं बोधचिन्ह झाला, आणि पुढे तर एक रुपयात तिकीट मिळू लागलं. धोतर आणि चौकटीचा कोट घातलेला तो माणूस इतकी वर्षं मुकाट्यानं सगळं बघत आला होता; एक रुपयाचं तिकीट बघून तो काही बोलला असता, तर ‘कर वेगळे का?’ एवढंच बोलला असता. कर वेगळेच होते. शिवाय एक रुपयाच्या खुर्च्या प्रत्येक फेरीत थोड्याच असत. बाकीच्या खुर्च्यांचं भाडं पायरीपायरीनं चढत जाई.

या पायऱ्याच सगळ्या गोंधळाचं मूळ आहेत. आपल्याला वाटतं, विमानाचं एक भाडं असतं आणि ते कुणीतरी वरखाली करतं. प्रत्यक्षात एकाच विमानातल्या एकसारख्या खुर्च्यांचे आधीच दहा-बारा गट पाडलेले असतात. प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर, प्रत्येक अक्षराचं एक भाडं आणि प्रत्येक भाड्याला ठरावीक खुर्च्या. खालची पायरी विकून संपली, की पुढची उघडते. रात्री झोपताना ३,४०० असलेलं तिकीट सकाळी चहाच्या वेळी ४,१०० होतं, याचा अर्थ रात्रीतून कुणी आपल्यावर पाळत ठेवली असा नसतो. आपण झोपलो असताना कुणीतरी ठरवून मोकळं झालेलं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरं कोडं पुढे आहे. विमानाची खुर्ची ही नाशवंत वस्तू आहे. मंडईत मेथीची जुडी सकाळी तीस रुपयांना असते आणि संध्याकाळी सात वाजता बाई ‘दोन घ्या, द्या वीस’ म्हणून पिशवीत कोंबते, कारण उद्या ती गाईला घालायची असते. रिकामी उडालेली खुर्ची तर गाईलाही घालता येत नाही. मग विमान सुटायच्या आदल्या दिवशी तिची किंमत उतरायला हवी. ती नेमकी तेव्हाच आकाशाला भिडते. याचं उत्तर १९७२ साली बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केनेथ लिटलवूड यांनी एका साध्या नियमात मांडलं. समजा, स्वस्त तिकीट ३,००० चं आहे आणि महाग ९,००० चं. स्वस्तवाला आज दारात उभा आहे. महागवाला उद्या येईल की नाही, ठाऊक नाही. तो येण्याची शक्यता तीनात एकापेक्षा जास्त वाटत असेल, तर आजच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणा आणि खुर्ची राखून ठेवा. मेथीचं गिऱ्हाईक संध्याकाळी घासाघीस करायला येतं. विमानाचं शेवटच्या दिवशीचं गिऱ्हाईक घासाघीस करण्याच्या स्थितीत नसतं. त्याची मीटिंग उद्या असते, मुलाखत उद्या असते, किंवा घरून फोन आलेला असतो.

अमेरिकेत १९७८ साली भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं आणि पीपल एक्सप्रेस नावाच्या नव्या कंपनीनं सरसकट स्वस्त भाडी लावून मोठ्या कंपन्यांची झोप उडवली. १९८५ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी त्यावर तोड काढली. तितकंच स्वस्त तिकीट त्यांनीही विकायला काढलं, पण मोजक्या खुर्च्यांचं आणि आधीपासून ठरवणाऱ्यांनाच. उशिरा येणाऱ्यांसाठी उरलेल्या खुर्च्या जुन्याच चढ्या भावात. किती खुर्च्या कुणासाठी ठेवायच्या, हे संगणक सांगे. पीपल एक्सप्रेसकडे तसा संगणक नव्हता. पुढच्याच वर्षी ती विकली गेली. तेव्हापासून जगातल्या जवळजवळ प्रत्येक विमान कंपनीचा धंदा एकाच प्रश्नावर चालतो: समोरचा माणूस किती आधी ठरवू शकतो?

आणि इथे मराठी कुटुंबाची गाठ पडते.

पुण्याच्या कुटुंबाला नागपूरला लग्नाला जायचं आहे, असं धरून चालू. मुलगी मामाची, तारीख चार महिने आधी कळलेली, पत्रिकेचा फोटो ग्रुपवर आलेला. विमानानं सव्वा-दीड तासाचं काम. त्या दिवशी सर्वांत खालची पायरी मोकळी असते. पण विमानाचं तिकीट एकट्यानं काढणं आपल्यात शिष्टपणाचं मानतात. ‘तुमचं काय ठरतंय?’ असं थोरल्या वहिनी विचारतात. ‘तुमचं कळलं की आमचं ठरवू,’ असं धाकटी जाऊ लिहिते. एक काका समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून गाडीनंच जायचं म्हणतात. चालवायला त्यांना कुणी देणार नसतं, ही गोष्ट वेगळी. पुतण्याची परीक्षा आहे की नाही, हे विद्यापीठाच्या हातात असतं. सीमांतपूजनाला पोचायचं की थेट अक्षतांना, यावर दोन पक्ष पडतात. शेवटी सगळे एका वाक्यावर एकमतानं थांबतात: ‘ठरलं की कळवतो.’ हे वाक्य ज्या क्षणी ग्रुपवर पडतं, त्या क्षणापासून भाड्याचं मीटर चालू होतं. पुणे-नागपूर अंतर काही वाढत नाही. कंपनी वरचे पैसे घेते ते उशिरा ठरवण्याच्या मुभेचे, आणि ती मुभा आपल्याइतकी सढळपणे कुणी वापरत नसेल.

प्रत्येक कुटुंबात एक ‘उतरेल, थांबा’ म्हणणारे गृहस्थही असतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हीच अडचण आहे. अंदाजापेक्षा विक्री मंद चालली तर संगणक खालची पायरी पुन्हा उघडतो. दुसऱ्या कंपनीनं सेल लावला तर हीही उतरते. असं कधीतरी एकदा झालेलं असतं आणि त्या एका विजयावर हे गृहस्थ पुढची दहा वर्षं सगळ्यांना थांबवत राहतात.

शेवटी ठरतं. चौघांचं तिकीट काढायला बसतात, आणि माणशी ४,००० दिसत होतं ते एकदम ५,२०० दिसतं. मग घरातला तरुण तज्ज्ञ सांगतो, ‘तू सारखं बघतोस ना, म्हणून त्यांनी वाढवलं. इन्कॉग्निटोमध्ये बघ.’ दारं-खिडक्या लावून, दुसऱ्याच्या फोनवरून, गुप्तहेरासारखं पुन्हा बघितलं जातं. आकडा बहुतेकदा तोच असतो, कारण भानगड दुसरीच असते. खालच्या पायरीवर खुर्च्या उरलेल्या असतात तीन आणि आपण मागितलेल्या असतात चार. मग यंत्र तिघांना स्वस्त आणि एकाला महाग असं न करता चौघांनाही वरच्या पायरीवर नेऊन बसवतं. त्यावर इलाज सोपा आहे. आधी एकाच माणसाचं भाडं बघावं, मग दोघांचं, मग तिघांचं. आकडा जिथे उडी मारेल तिथे बुकिंगचे दोन तुकडे करावेत. पैसे नक्की वाचतात. फक्त महागडं चौथं तिकीट कुणाच्या नावावर काढायचं, यावरून जी चर्चा होते, तिची किंमत वेगळी धरावी.

मंगळवारी तिकीट स्वस्त मिळतं, हाही असाच एक लाडका समज. तो अमेरिकेतून आला. तिथे एके काळी कंपन्या सोमवारी रात्री सेल लावत आणि मंगळवारी प्रतिस्पर्धी त्यांची बरोबरी करत. आता भाडी दिवसातून कितीतरी वेळा बदलतात. त्यामुळे तिकीट कोणत्या वारी काढलं यापेक्षा कोणत्या वारी उडायचं, याला जास्त महत्त्व आहे. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार रात्र महाग, कारण हिंजवडीतली सगळी तरुण मंडळी त्याच वेळी आईच्या हातचं जेवायला जातात आणि डबे घेऊन परततात. आठवड्याच्या मधल्या दिवशी, भल्या पहाटेची वेळ पत्करली, तर स्वस्त.

आणि ‘कधी काढावं?’ या प्रश्नाचं उत्तर इतकं साधं आहे, की त्यानं कुणाचं समाधान होत नाही. साध्या दिवसांसाठी महिना-दीड महिना आधी. शेवटच्या तीन आठवड्यांत पायऱ्या भराभर चढतात, शेवटच्या आठवड्यात तर धापच लागते. दिवाळी, मे महिना आणि नाताळातलं गोवा यांसाठी जितकं लवकर तितकं बरं. यातली दिवाळीची गंमत वेगळीच. दिवाळी कधी आहे हे वर्षभर आधी छापून येतं. ‘कालनिर्णय’ १९७३ पासून आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं आहे. आपण त्यावर दुधाचा हिशेब लिहितो आणि दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर दिवाळीचं तिकीट शोधतो. कंपनीच्या संगणकानं मात्र दिवाळीची तारीख आपल्या कितीतरी आधी पाहून ठेवलेली असते.

हा अन्याय विमानाचाच आहे असंही नाही. रेल्वेनं २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला हाच नियम उघडपणे लावला: दर दहा टक्के जागा भरल्या की भाडं दहा टक्क्यांनी वर, कमाल दीडपट. तिथे निदान शिडी सगळ्यांना दिसते आणि तिला वरचं टोक असतं. विमानभाड्यालाही सरकारनं टोक घालून पाहिलं आहे. मे २०२० मध्ये टाळेबंदीनंतर उड्डाणं सुरू झाली तेव्हा दिल्ली-मुंबईचं भाडं ३,५०० ते १०,००० या मर्यादेत बांधलं होतं. वरची मर्यादा सगळ्यांना आवडली. खालच्या मर्यादेमुळे स्वस्त तिकीटही बंद झालं, तेव्हा मात्र लोकांना पायऱ्यांचीच आठवण येऊ लागली. ऑगस्ट २०२२ अखेर ती बंधनं उठली.

स्वस्त तिकिटाचा आनंद मला निर्भेळपणे होत नाही, तो याच शिडीमुळे. माझं सहलीचं ३,००० रुपयांचं तिकीट त्या भावात मिळू शकतं, कारण त्याच विमानात कुणीतरी १२,००० भरून बसलेलं असतं. त्यात कंपनीच्या खर्चानं फिरणारे साहेब असतात, त्यांचं दुःख नाही. पण वडिलांना अतिदक्षता विभागात ठेवल्याचा फोन येऊन रात्री अकराला तिकीट काढणारा मुलगाही असतो. यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. त्याला एवढंच कळतं, की या माणसाला उद्याच जायचं आहे. घरात कुणी दिवाळीचं तिकीट दुप्पट भावानं काढल्याची हळहळ करतं, तेव्हा मला म्हणूनच फारसं वाईट वाटत नाही. ते पैसे आळसाचे, हौसेचे, फार तर लोकशाहीचे असतात. ते परवडतात.

या सगळ्या प्रकरणात आमच्या घराण्यात एकच माणूस शांत आहे, ती म्हणजे आत्या. तिला लिटलवूड ठाऊक नाही आणि मंगळवारही ठाऊक नाही. कुठे जायचं कळलं, की ती आधी स्वतःशी एक आकडा ठरवते: मला तिथे जाणं चार हजारांचं आहे. जाऊबाईंच्या माहेरचं असेल तर अडीच. मग भाचीला फोन लावते. ‘चारच्या आत आहे का ग? असेल तर काढून टाक.’ ग्रुपवर काही विचारत नाही, काढल्यावर पुन्हा बघत नाही. कंपनी आपला आकडा मनात धरून बसलेली असते; आत्याही आपला धरून बसलेली असते. बाकीचे आपण कुठलाच आकडा न ठरवता पडद्याकडे बघत बसतो, म्हणून प्रत्येक आकडा आपल्याला एक तर फसवणूक वाटतो, नाही तर लॉटरी.

आत्याचं प्रवासाचं असं झटपट ठरतं. तिकडे काय काय न्यायचं, हे मात्र तिचं शेवटच्या दिवसापर्यंत ठरत नाही. पंधरा किलोची मर्यादा, आणि चकल्यांचा डबा, मेतकूट, व्याह्यांसाठी तांब्याची कळशी, ‘असू दे’ म्हणून दोन शाली. जादा वजनाचे पैसे आधी घरून भरले तर कमी पडतात, हे भाची दर वेळी सांगते. आत्या म्हणते, ‘अजून काय काय होतंय ते बघू दे, मग भरू.’ आणि विमानतळाच्या काउंटरवर, चढ्या दरानं, किलोवारी पैसे मोजून मोकळी होते. उशिरा ठरवण्याचं भाडं कुणालाच चुकलेलं नाही. काहीजण ते तिकिटात भरतात, काहीजण कळशीत.