साडू, सासूबाई आणि आठचा आकडा

व्हायोलिनचं रेकॉर्डिंग म्हणजे मुळात मध्यस्थी. वाजवणाऱ्याचा कान घोडीपासून हातभरावर, ऐकणारा दहा फुटांवर. दोघांच्या कानी पडतं ते व्हायोलिन निराळं आणि दोघंही आपलंच खरं म्हणून बसलेले.

आमचे साडू बँकेतून निवृत्त झाले आणि व्हायोलिनच्या मागे लागले. दैवत वि. गो. जोग. माइक माझ्याकडे, त्यामुळे मध्यस्थीही माझ्याकडे. साडूंची अट एकच : "गजाची खरखर नको, पण गज जाणवला पाहिजे." असला अर्ज बँकेत त्यांनी स्वतः परत पाठवला असता.

आधी कंडेन्सर लावला. ४८ व्होल्ट पिऊन हा माइक शेजारणीसारखा कान टवकारून बसतो. तारेवरची राळ, साडूंचा श्वास, वरच्या मजल्यावरचा कुकर, सगळं टिपतो. वीतभर अंतरावर ठेवला तर तीनेक हजार हर्ट्‌झच्या आसपासची कर्कश धार थेट कानात घुसते.

मग जरा लांब, उंचावर? पाश्चात्त्य वादकांसाठी हे ठीक. त्यांचं वाद्य खांद्यावर, त्याची वरची पाटी छताकडे. खालचे सूर चहूकडे पसरतात, पण वरच्या सुरांची चकाकी बरीचशी पाटीच्या समोरच्या दिशेला जाते. आपल्याकडे मात्र मांडी घालून, वाद्याचं टोक उजव्या घोट्यावर टेकवून वाजवतात. पाटी तिरकी, समोर बघते. वरून माइक टांगला तर साडूंचं टक्कलच तेवढं नीट रेकॉर्ड होईल. म्हणून समोर, तीन फुटांवर, छातीच्या उंचीला.

पण माइक लांब गेला की खोली आत शिरते. फरशीवर सतरंज्या अंथरल्या, शोकेसच्या काचेवर सोलापुरी चादर टाकली, सोफा बाहेर काढला, पंखा बंद केला. दारातून डोकावलेल्या शेजाऱ्यांनी हे सगळं पाहिलं, चपला काढल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "केव्हा झालं?"

शेवटी रिबन काढला. आत ॲल्युमिनियमची पट्टी, केसाहून कितीतरी पातळ. वरच्या सुरांची धार हा माइक अदबीनं बोथट करतो. व्हायोलिनसाठी माझं मत कायम त्यालाच. शिवाय त्याचं ऐकणं इंग्रजी आठच्या आकड्यासारखं : पुढचं आणि मागचं सारखंच, दोन्ही कुशींना ठार बहिरा. एक बहिरी कूस मी स्वयंपाकघराकडे केली. कुकर गप्प.

मागे आरामखुर्चीत सासूबाई होत्या.

साडूंनी यमनचा आलाप फार सुंदर मांडला. गंधारावर गज असा ठेवला की मी हेडफोनखाली डोळे मिटले. आणि त्याच गंधारावर, अत्यंत सुस्पष्ट, स्टुडिओच्या दर्जाचं वाक्य उमटलं : "अगं, हे अजून सूरच लावतायत का?"

साडू म्हणाले, "तेवढं काढता येईल ना?"

"गंधारासकट येईल."

मी सासूबाईंना खुर्ची जरा बाजूला घ्यायची विनंती केली. "तिथून बोललात तरी चालेल. त्या बाजूनं माइकला ऐकू येत नाही."

"मग तिथे कशाला बसू?" सासूबाई म्हणाल्या. "मला जे सांगायचंय ते जावईबापूंना ऐकू गेलं पाहिजे. आणि आधी तो पंखा लावा."